घरी बांधलेले विमान आणि त्याची निगा

मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. शेतातील डिझेल इंजिनाने हवा धरली तर पंप बंद पडतो, पिकाला पाणी चार तास उशिरा मिळते, आणि मेस्त्री येईपर्यंत धनी निंबाखाली बसून राहू शकतो. आकाशात मात्र कडेला उभे राहण्याची सोय नाही. या एका भेदामुळे विमानाच्या निगेचे शास्त्र इतर सर्व यंत्रांच्या निगेहून निराळे झाले आहे, आणि त्याच शास्त्राची थोडी ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असा आमचा हेतू आहे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांत यंत्रावर हात चालविणारी मुले पुष्कळ. कोणी जिनिंगमध्ये आहे, कोणी ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत, कोणी मोटारसायकलीच्या दुकानात. अशा घरी विमान हा शब्द निघाला की तरुणांचे डोळे चमकतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर आहे, हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

कांदिवलीच्या गच्चीवरील विमान

विमान म्हणजे मोठ्या कारखान्यातच तयार व्हावयाची वस्तू, असा आपला समज असतो. तो समज खोटा ठरविणारा एक मराठी माणूस आपल्यातच आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधिले. १९९८ पासून त्यांची ही खटपट चालू होती. पहिले दोन प्रयत्न तडीस गेले नाहीत. तिसऱ्या प्रयत्नातील विमानास त्यांनी टी.ए.सी. ००३ असे नाव दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याची नोंदणी झाली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात उड्डाणाचा परवाना मिळाला. पुढील चाचण्यांसाठी ते विमान धुळ्याला नेण्यात आले. धुळे हा आपल्याप्रमाणेच कापसाचा आणि कडक उन्हाळ्याचा मुलूख.

या वृत्ताने पुष्कळांना अभिमान वाटला, आणि तो योग्यच होय. परंतु लोक विचारतात ते एवढेच की, एवढे धूड गच्चीवर नेले कसे आणि खाली उतरविले कसे? आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न असा की, नोंदणीपासून परवान्यापर्यंत जी दोन वर्षे जातात, त्या काळात असे विमान उडण्यास योग्य कसे ठेवावयाचे? कारण उभे असलेले विमान उडत्या विमानापेक्षा लवकर खराब होते. इंजिन चालत नाही म्हणून सिलिंडरच्या आतील भिंतीवरचे तेल ओघळून जाते व तेथे गंज धरतो. रबराच्या चकत्या सुकून चिरतात. टाकीच्या रिकाम्या भागातील हवेतली वाफ थिजून तळाशी पाणी साठते. बांधणे हे काम एकदा संपते. निगा राखणे हे संपत नाही.

राइट बंधूंचे शेवटचे तीन आठवडे

जगातील पहिले यशस्वी विमान हे देखील घरी बांधलेलेच होते, ही गोष्ट आपण विसरतो. ऑर्व्हिल व विल्बर राइट हे सायकलींचे दुकान चालविणारे भाऊ. त्यांच्या दुकानातील चार्ली टेलर नावाच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत त्या विमानाचे इंजिन घडविले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान १२ सेकंद उडाले व १२० फूट गेले, हे शाळेतील मुलांनाही पाठ असते. त्याच्या आधीचे तीन आठवडे मात्र कोणी शिकवीत नाही.

नोव्हेंबर महिन्यात इंजिन चालवून पाहताना त्यांच्या असे दिसून आले की, पंखे फिरविणाऱ्या दांड्यांवरील दातेरी चाके सैल होतात. कितीही आवळली तरी इंजिनाचे हादरे त्यांस पुन्हा ढिली करीत. शेवटी सायकलीचा टायर रिमला चिकटविण्याचे डिंकासारखे सिमेंट आट्यांत भरून त्यांनी ती चाके पक्की केली. त्यानंतर पंख्याच्या एका पोकळ दांड्यास तडा गेला. तडा बारीक होता. वेळ हिवाळ्याची आणि वारे वाढत चाललेले. तरीही तसेच उडून पाहू असे ते म्हणाले नाहीत. ३० नोव्हेंबरला ऑर्व्हिल आगगाडीने शेकडो मैल दूर आपल्या गावी परत गेला, भरीव पोलादाच्या नव्या दांड्या करविल्या, आणि ११ डिसेंबरला त्या घेऊन आला. १४ तारखेच्या प्रयत्नात विमान आपटून मोडले, ते दोन दिवसांत दुरुस्त केले. मग १७ तारीख उजाडली.

ही दक्षता व्यर्थ नव्हती याचा पुरावा पाच वर्षांनी मिळाला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल एका प्रवाशासह उडत असता पंख्याचे पाते फुटले, त्याने सुकाणूची तार तोडली आणि विमान कोसळले. लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा प्रवासी मरण पावला. विमान अपघातात मृत्यू पावलेला तो पहिला मनुष्य होय.

इंजिन काय सांगते

लहान विमानाचे इंजिन आपल्या परिचयाचेच असते. बहुधा चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, पेट्रोलवर चालणारे. मोटारसायकलीचा कारागीर त्यातील बहुतेक भाग ओळखील. एक गोष्ट मात्र त्यास नवी वाटेल. पुष्कळशा विमानी इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे, हा त्यातील उद्देश.

म्हणून उडण्यापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो. एक बंद केला की इंजिनाचे फेरे थोडे कमी व्हावयास हवेत. किती, ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. फार कमी झाले तर चालू असलेल्या बाजूचा प्लग अथवा मॅग्नेटो दुबळा आहे. पण फेरे मुळीच कमी झाले नाहीत, तर नवखा माणूस खूष होतो आणि जाणता घाबरतो. कारण त्याचा अर्थ असा असू शकतो की बंद करण्याची तार तुटली आहे व मॅग्नेटो बंद झालाच नाही. असे इंजिन चावी काढल्यावरही जिवंत असते. कोणी सहज पंख्याला हात लावून तो फिरविला, तर इंजिन सुरू होऊन पंखा हात तोडील. यास्तव चावी खिशात असली तरी पंखा नेहमी जिवंतच समजावा, असा विमानतळावरचा कडक नियम आहे.

प्लग काढून पाहिला तर तो बरेच काही सांगतो. टोकाशी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी मिळत आहे. पांढुरके दिसत असेल तर पेट्रोल कमी पडून सिलिंडर तापत आहे. तेलाने ओला असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. सामान्यतः दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तेल बदलतात, व जुना फिल्टर कापून त्यातील कागद उलगडून पाहतात. त्यात धातूचा कीस चमकला तर लोहचुंबक लावावे. चिकटला तर पोलादाचा कोणता तरी भाग झिजत आहे; न चिकटला तर पिस्टनसारख्या ॲल्युमिनियमच्या भागाकडे पाहावे. इंजिन उघडण्यापूर्वीच रोग कोणत्या अवयवाचा, हे असे कळते.

पाणी, बर्फ आणि कुंभारीण

पेट्रोलमध्ये पाणी हा लहान विमानाचा जुना वैरी. पाणी जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते. यासाठी टाकीच्या सर्वांत खालच्या जागी एक लहान तोटी ठेवलेली असते. दररोज पहिल्या उड्डाणापूर्वी तेथून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर अथवा टपोरे थेंब दिसले तर स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत काढीत राहावे. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नये. रात्रीच भरून ठेवावी, म्हणजे वाफ थिजण्यास आत जागा राहत नाही.

दुसरा वैरी बर्फ. आमच्या जिल्ह्यात बर्फाचे काय काम, असे वाचक म्हणतील. परंतु कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एकाएकी वीस अंशांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक थंड होते. म्हणजे बाहेर २० ते २५ अंशांची सुखद पण दमट हवा असतानाही आत बर्फ धरू शकतो व इंजिनाचा श्वास कोंडतो. श्रावणातील झाकोळलेली सकाळ या दृष्टीने संशयास्पद. यावर उपाय म्हणून इंजिनाच्या धुराड्याजवळची गरम हवा कार्ब्युरेटरात सोडण्याची एक कळ असते. ती ओढल्यावर इंजिन प्रथम थोडे अडखळते, कारण वितळलेले पाणी आत जाते. त्या अडखळण्यास भिऊन जो कळ परत लोटतो, तो बरे होत असलेले इंजिन पुन्हा आजारी पाडतो.

उन्हाळ्याची गोष्ट उलट. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापलेली हवा विरळ असते. पंखांना आधार कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनालाही श्वास कमी. त्यामुळे हिवाळ्यात जेवढ्या धावपट्टीत विमान उठते, तेवढ्यात ते उन्हाळ्यात उठत नाही. यात इंजिनाचा दोष नसतो, आणि दोष नसताना कार्ब्युरेटर उघडून बसणे हाही एक घात होय. पहाटे उडावे, ओझे कमी घ्यावे, हेच त्यावर औषध.

आणि तिसरा वैरी आपल्या घराच्या तुळईला चिखलाची घरटी करणारी कुंभारीण. विमानाचा वेग दाखविणाऱ्या यंत्राला हवा पुरविणारी एक बारीक नळी पंखावर किंवा नाकाजवळ बाहेर असते. ती उघडी राहिली तर कुंभारीण तीत घर करते. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून निघालेले एक मोठे प्रवासी विमान समुद्रात पडून १८९ माणसे दगावली. तेथे अशी नळी बुजली होती व वेग खोटा दिसत होता. विमान काही दिवस उभे असता ती झाकली गेली नव्हती. बहुधा तशाच कीटकाने तीत घर केले असावे, असे तपासात मानण्यात आले. कापडाची एक लहान पिशवी त्या नळीवर चढविणे, आणि उडण्यापूर्वी ती आठवणीने काढणे, एवढेच ते काम.

सांगाडा आणि दोऱ्या

घरी बांधलेली विमाने लाकूड, कापड, पोलादी नळ्या, ॲल्युमिनियमचा पत्रा अथवा काचतंतू यांची असतात. प्रत्येकाचे दुखणे वेगळे. लाकडास ओल व सांध्यांतील सरसाचे सुटणे; कापडास ऊन; नळीस आतला गंज; पत्र्यास तडा. पत्र्याच्या विमानात एखादा रिव्हेट सैल झाला की तो हादऱ्याने घासत राहतो व त्याच्या मागे काळपट धुळीचा फराटा उमटतो. म्हणून जाणकार मेस्त्री विमान धुण्याआधी ते पाहून घेतो. धुतल्यावर साक्षीदार नाहीसा होतो.

नट आवळून झाला म्हणजे काम संपले असे नाही. तो हादऱ्याने सुटू नये म्हणून त्यातून पिन घालतात किंवा बारीक तार ओवून पिळतात; ती तार अशी ओढलेली असावी लागते की नट सुटू लागलाच तर तार त्यास उलट आवळील. शिवाय नट आणि पत्रा यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

दुरुस्तीनंतर सुकाणूच्या व पंखांच्या दोऱ्या उलट जोडल्या गेल्याचे प्रकार जगात अनेकदा घडले आहेत. दांडा हलतो, पंखावरील फळीही हलते, म्हणून पाहणाऱ्याचे समाधान होते. ती उलट दिशेला हलते हे ध्यानात येत नाही. यासाठी सोपी खूण आहे. दांडा मुठीत धरून अंगठा वर ताठ उभा करावा व दांडा डावीकडे न्यावा. अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूची फळी वर उठली पाहिजे.

दोष शोधण्याची रीत

आता एक उदाहरण घेऊ. इंजिन खडखडत आहे व जोर देत नाही. अधीर मनुष्य प्लग बदलतो, कार्ब्युरेटर साफ करतो, फिल्टर नवा घालतो, सगळे एकाच दुपारी. इंजिन ठीक चालू लागते. पण दोष कोठे होता ते त्यास कळले नाही, आणि जो दोष कळला नाही तो गेला असे समजता येत नाही.

खरी रीत अशी. इंजिनास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा व वेळेवर ठिणगी. तिहींपैकी कोणती कमी आहे ते आधी ठरवावे. एकेक मॅग्नेटोवर इंजिन चालवून पाहावे. खडखड एकाच बाजूवर असेल तर ठिणगीचा दोष, दोन्हींवर असेल तर पेट्रोल किंवा हवा. ठिणगीचा असेल तर त्याच बाजूवर थोडा वेळ चालवून, बंद करून, पंख्यापासून दूर राहून कोणत्या सिलिंडरची धुराची नळी थंड राहिली ते पाहावे. तो सिलिंडर काम करीत नाही. मग त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. जागीच राहिला तर तार पाहावी. प्रत्येक वेळी एकच वस्तू बदलावी, पुन्हा चालवून पाहावे, आणि जे केले ते तारखेसह वहीत लिहावे. ही वही म्हणजे विमानाची जन्मपत्रिका व रोगपत्रिका दोन्ही होय. वही नसलेले विमान विकत घेऊ नये.

दुसऱ्याचा डोळा

येथे आम्ही मुख्य मुद्द्याशी येतो. ज्याने विमान बांधले त्याच्याइतके ते कोणास ठाऊक नसते. अमेरिकेत या कारणास्तव बांधणाऱ्यास आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. परंतु ज्याने चूक केली त्यास ती चूक दिसणे सर्वांत कठीण. आईला आपल्या लेकराचे व्यंग दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधकाम करणाऱ्यांची जी संस्था अमेरिकेत स्थापिली, तिने अनुभवी सल्लागारांनी दुसऱ्यांची अपुरी विमाने पाहून दोष दाखविण्याची पद्धत पाडली. नव्या विमानाने सामान्यतः पहिले २५ किंवा ४० तास वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता उडावे असाही तेथील दंडक आहे. आपल्या देशात केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील सजी थॉमस या ऐकू-बोलू न येणाऱ्या कारागिराने हलके विमान बांधिले, तेव्हा त्यासही वायुदलातील एका निवृत्त अधिकाऱ्याचे साहाय्य लाभले होते. एकट्याच्या जोरावर विमान आकाशात राहत नाही.

दुसऱ्याचा डोळा डावलला की काय होते, याचे उदाहरण सर्व जगाने पाहिले आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील विख्यात गायक जॉन डेन्व्हर घरी बांधलेल्या एका लहान विमानासह कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून मरण पावले. विमान त्यांनी स्वतः बांधले नव्हते, विकत घेतले होते. मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसरीवर पेट्रोल वळविण्याची तोटी वैमानिकाच्या पुढ्यात, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसविली. ती फिरविण्यास अंग वळवावे लागे, आणि अंग वळविताना उजवा पाय सुकाणूवर दाबला जाई, असे तपासणी अधिकाऱ्यांना आढळून आले. उड्डाणापूर्वी एका मेस्त्रीने ही अडचण त्यांच्याशी बोलून पाहिली होती. तोटीला पकड लावून पाहिली, ती जमली नाही. मागील पेट्रोलची पातळी दिसावी म्हणून आरसा देऊ केला. पेट्रोल भरून घेण्याचे मात्र डेन्व्हर यांनी नाकारले; तासाभराचेच उड्डाण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इंजिन धडधाकट होते. पंख धडधाकट होते. सर्वांना ठाऊक असलेली एक गैरसोय उद्यावर टाकण्यात आली होती.

आमच्या तरुण वाचकांपैकी कोणास विमानविद्येची आवड असेल तर त्याने ती अवश्य जोपासावी, आणि त्याच्या आईवडिलांनी त्यास हसू नये. प्रारंभ विमानापासून करण्याची जरुरी नाही. घरच्या पंपाची वही ठेवावी. मोटारसायकलीचा दोष एकेक वस्तू बदलून शोधावा. केलेले काम दुसऱ्या जाणत्याकडून पाहून घ्यावे, आणि त्याने दोष दाखविला तर राग मानू नये. परवान्यावाचून कोणतेही यंत्र हवेत नेऊ नये. तो नियम उडणाऱ्याइतकाच खाली शेतात निंदणी करणाऱ्या बाईच्या रक्षणासाठी आहे.

१९२० मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लोरेतोच्या मातेस वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिची प्रार्थना वैमानिकाने अवश्य करावी. टाकीतले पाणी मात्र त्याने त्याआधी स्वतःच्या हाताने काढून घेतलेले असावे.